लाल माती, पांढरी बशी

मराठीत एक शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो : चिनी माती. कपबशी चिनी मातीची, लोणच्याची बरणी चिनी मातीची, हात धुवायचं बेसिनसुद्धा चिनी मातीचंच. कुंभाराकडचं मडकं तेवढं ‘मातीचं’, बाकी सगळं ‘चिनी मातीचं’, असा आपला सोपा हिशोब. हा लेख ज्या भांड्यांबद्दल आहे, ती नेमकी या दोन खान्यांच्या मधली आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये तयार झालेली, नक्षी काढलेली, जेवणाच्या आणि कॉफीच्या टेबलावरची मातीची भांडी. दिसायला चिनी मातीची, पण जात मडक्याची.

फिनलंडच का, असं कुणी विचारेल. कारण त्या काळात फिनलंड नावाचा स्वतंत्र देशच नव्हता, आणि तरी त्या देशाचं एक रूप तिथल्या बशांवर, भांड्यांवर उमटत होतं. ते रूप कुणी घडवलं, कशातून घडवलं, हे बघायला गेलं की ‘आपलं’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न समोर येतो. आपल्यासारख्या, घरात एक भाषा, कॉलेजात दुसरी आणि चर्चमध्ये तिसरी ऐकणाऱ्यांना हा प्रश्न काही परका नाही.

आधी मातीचं बघू

माती भाजली की घट्ट होते. पण किती घट्ट, ते दोन गोष्टींवर ठरतं : मातीत काय आहे आणि भट्टी किती तापली आहे. साधारण १,००० ते १,१५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजलेलं भांडं टणक होतं, पण आतून सच्छिद्रच राहतं. पाणी शोषून घेतं. म्हणूनच माठातलं पाणी गार राहतं. अशा भांड्यात वरण किंवा दूध ठेवायचं तर वरून काचेसारखा थर द्यावा लागतो, त्याला झिलई म्हणू. याउलट १,३०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर भाजलेलं खरं पोर्सेलिन आतूनच काचेसारखं एकजीव होतं. ओळखायची खूण सोपी आहे. पातळ कप उजेडासमोर धरायचा. पलीकडच्या बोटांची सावली दिसली तर पोर्सेलिन, काहीच दिसलं नाही तर बहुतेक मातीचं भांडं. टिचकी मारली तर पोर्सेलिन घंटेसारखं वाजतं, मातीचं भांडं ठक् करतं.

आता रंग. मातीत लोह असेल तर ती भाजल्यावर लाल होते, आपल्या कौलांसारखी. लाल भांड्यावर नाजूक नक्षी उठून दिसत नाही. त्यावर युरोपात दोन उपाय निघाले. एक, मातीचा मूळ रंग कथिल घातलेल्या पांढऱ्या झिलईखाली झाकून टाकायचा. अझुलेजो टाइल्सची जुनी पद्धत हीच. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासोने १९३५ साली केलेली कामोंइशच्या महाकाव्यातली निळी-पांढरी दृश्यं ज्यांनी बघितली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको की पांढऱ्या पृष्ठभागावर निळा रंग किती खुलतो. दुसरा उपाय इंग्लंडचा : मातीच पांढरी बनवायची. लोह कमी असलेली फिकट माती, केओलिन, आणि भाजून दळलेली गारगोटी यांचं मिश्रण करायचं. ते भाजलं की भांडं आरपार पांढरं निघतं. वर पारदर्शक झिलई दिली की झालं. पोर्सेलिनपेक्षा स्वस्त, आणि लांबून बघितलं तर तितकंच देखणं. मात्र ते पटकन टवका जाणारं, आणि वर्षं गेली की झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडणारं. माती आणि झिलई गार होताना सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून ते तडे पडतात.

अरबस्तानाशी संबंध नसलेला अराबिया

फिनलंडचा सगळ्यात मोठा भांड्यांचा कारखाना हेलसिंकीच्या वेशीवर होता आणि त्याचं नाव होतं अराबिया. अरबस्तानाशी त्याचा काही संबंध नाही. त्या परिसराला आधीपासून ‘अराबिया’ म्हणत, कारखान्याने तेच नाव उचललं. कारखाना १८७३ साली उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्याची भांडी निघू लागली. पण तो फिनलंडच्या लोकांनी काढलेला नव्हता. स्वीडनमधल्या रोरस्ट्रांड या १७२६ पासूनच्या कंपनीची ती शाखा होती.

कारण व्यापारी होतं. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता, त्यानंतर रशियाच्या झारच्या ताब्यात गेला. त्याला स्वतःची संसद आणि कायदे होते, पण वर झार. रशियाच्या साम्राज्यात असल्यामुळे फिनलंडचा माल स्वीडनच्या मालापेक्षा कमी जकातीत रशियात जात असे. तेव्हा स्वीडिश कंपनीने हिशोब केला : कारखाना फिनलंडमध्ये टाकू, बाजारपेठ रशियाची मिळवू. फिनलंडची स्वतःची माती भाजल्यावर लाल होणारी, म्हणून पांढरी माती इंग्लंडहून जहाजाने यायची. मालक स्वीडिश, गिऱ्हाईक रशियन, माती इंग्लिश. फिनिश होते ते बहुतांश कामगार.

आणि नक्षी? तीही उसनी. पहिली कितीतरी वर्षं अराबियाचे आकार आणि नमुने रोरस्ट्रांडचेच होते, आणि रोरस्ट्रांडने त्यातले बरेच इंग्लंडच्या वळणावर बेतलेले होते. बशीवर निळ्या रंगात तळं, पूल, वाकलेली झाडं, कुठलासा मनोरा. फिनलंडमध्ये कुणी कधी न पाहिलेला हा देखावा इंग्रजांनी चीनची कल्पना करून काढलेला होता.

अशी नक्षी हजारो बशांवर एकसारखी कशी उतरायची, ते समजून घेण्यासारखं आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं. कोरलेल्या रेघांत तेलात खललेला रंग भरायचा. त्यावर अगदी पातळ कागद दाबून छाप घ्यायचा. तो ओला छाप एकदा भाजलेल्या, अजून झिलई न दिलेल्या बशीवर चिकटवून ब्रशने चोळायचा. सच्छिद्र माती रंग ओढून घेते. मग कागद पाण्याने धुऊन काढायचा, वरून झिलई द्यायची आणि बशी पुन्हा भट्टीत घालायची. रंग झिलईच्या खाली बंद होतो, त्यामुळे वर्षानुवर्षं घासली तरी नक्षी जात नाही. झिलईखाली भट्टीची धग सोसणारे रंग मोजकेच. त्यात कोबाल्टचा निळा सगळ्यात भरवशाचा. जगभरच्या जुन्या बशा निळ्या का, याचं निम्मं उत्तर आवडीत नाही, या धगीत आहे.

हे सगळं एकाच्या हातचं काम नव्हतं. कोरणारा वेगळा, छाप घेणारा वेगळा, कागद बशीवर बसवणारी वेगळी. सजावटीच्या विभागात बहुतेक बायकाच असत. बशीच्या कडेची सोनेरी किंवा रंगीत रेघ फिरत्या चकतीवर बशी ठेवून, ब्रश स्थिर धरून एका दमात ओढायची. बशीच्या तळाला कधीकधी एखादं आद्याक्षर किंवा आकडा सापडतो, तेवढीच त्या बाईची सही.

सह्यांचं वर्ष

१८९९ च्या फेब्रुवारीत झार निकोलस दुसरा याने एक जाहीरनामा काढला. फिनलंडच्या संसदेला डावलून साम्राज्याचे कायदे तिथे लागू करण्याची वाट त्याने मोकळी झाली. लोक हादरले. कडाक्याच्या थंडीत, बर्फातून घरोघरी फिरून जेमतेम दोन आठवड्यांत पाच लाखांहून जास्त सह्या गोळा झाल्या. झारने शिष्टमंडळाला भेटच नाकारली.

भाषेची कथाही याला जोडलेली आहे. शिकलेल्या वर्गाची आणि कचेऱ्यांची भाषा स्वीडिश होती, शेतकऱ्यांची फिनिश. १८६३ साली निघालेल्या फर्मानाने फिनिशला कारभारात वीस वर्षांच्या मुदतीत स्वीडिशच्या बरोबरीचं स्थान द्यायचं ठरलं. त्याआधीच एलिआस ल्योनरोट याने खेड्यापाड्यांतली जुनी गाणी गोळा करून ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केलं होतं, पहिल्यांदा १८३५ साली आणि वाढवून १८४९ साली. स्वतःचं राज्य नसलेल्या लोकांजवळ आता एक पुस्तक होतं. चित्रकार, वास्तुकार, संगीतकार त्या पुस्तकाकडे आणि जुन्या लाकडी घरांच्या पूर्वेकडच्या कारेलिया प्रांताकडे धावले.

या सगळ्याचं जगापुढचं दर्शन १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात झालं. फिनलंडला तिथे स्वतःचं दालन उभारता आलं. गेझेलियस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तीन तरुण वास्तुकारांनी ते खेड्यातल्या दगडी चर्चसारखं बांधलं आणि सजावटीला फिनलंडच्या रानातली अस्वलं, खारी, सूचिपर्णी झाडांची फळं घेतली. आत अक्सेली गालेन-काल्लेलाने कालेवालातले प्रसंग छतावर रंगवले. त्याच प्रदर्शनात अराबियाला सुवर्णपदक मिळालं. पण भांड्यांच्या दृष्टीने त्या दालनातली जास्त महत्त्वाची जागा होती एका छोट्या खोलीची. तिचं नाव इरिस.

इरिस : पाच वर्षांचं आयुष्य

इरिस हा हेलसिंकीच्या पूर्वेला पोर्वो गावात १८९७ साली निघालेला कारखाना. काढणारा लुई स्पारे, स्वीडिश सरदार घराण्यातला चित्रकार, गालेन-काल्लेलाचा मित्र. यंत्राने काढलेल्या स्वस्त नकला बघून इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने जी चळवळ उभी केली होती, तिचा त्याच्यावर प्रभाव होता. घरातली रोजची वस्तू साधी, हाताने केलेली आणि सुंदर असावी, असं त्याचं म्हणणं. लाकूडकाम त्याने स्वतःकडे ठेवलं आणि भांड्यांसाठी बोलावलं आल्फ्रेड विल्यम फिंच याला.

फिंचची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. जन्म १८५४ चा, ब्रुसेल्समधला, आईवडील ब्रिटिश. मूळचा चित्रकार. फ्रान्सच्या सरा याच्यासारखी शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी मांडून तो चित्रं काढत असे. बेल्जियममधल्या ‘ले व्हॅं’ या बंडखोर चित्रकारांच्या मंडळाच्या संस्थापकांपैकी तो एक. पण चित्रांवर पोट भरेना, म्हणून बेल्जियममधल्याच एका भांड्यांच्या कारखान्यात तो शिरला आणि मातीत रमला.

पोर्वोला येऊन त्याने काय केलं, तर लाल माती झाकली नाही. इंग्लंडहून पांढरी माती मागवण्याऐवजी तो लाल भाजणाऱ्या साध्या मातीचेच जग, कप, बशा, फुलदाण्या करू लागला. वर निळी, हिरवी, तपकिरी, जाड आणि चकचकीत झिलई. नक्षी म्हणजे पातळ केलेल्या पांढऱ्या मातीच्या ठिपक्यांच्या माळा आणि नागमोडी रेघा, किंवा वरचा थर खरवडून आतला रंग दिसेल अशी ओरखड्यांची नक्षी. फूल नाही, पान नाही, देखावा तर नाहीच. ज्याने एकेकाळी कॅनव्हासवर ठिपके मांडले त्याचे ठिपके आता भांड्यावर उतरले होते, असं मला ती भांडी बघताना वाटतं. भांडी गाजली. पॅरिसमध्ये युलियस मायर-ग्रेफे याच्या नावाजलेल्या दुकानात ती विकायला होती.

आणि १९०२ साली इरिस बंद पडला. पैशाचं गणित जमलं नाही. हाताने केलेली वस्तू महाग पडते. ज्या सामान्य माणसाच्या घरात सौंदर्य न्यायचं, त्यालाच ती परवडत नाही. मॉरिसला इंग्लंडमध्ये हीच अडचण आली होती. स्वस्त करायची तर यंत्र हवं, आणि यंत्र नको म्हणून तर सगळा खटाटोप.

फेनिया : कारखान्याने ऐकलेला सूर

इरिस बंद पडला त्याच सुमारास अराबियाने एक नवी मालिका काढली, ‘फेनिया’. फिनलंडचं लॅटिन नाव. साधारण १९०२ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ती निघत राहिली. चिनी तळं आणि पूल यांतून गेले. त्यांच्या जागी आले त्रिकोण, चौकटी, वळसे, एकात एक गुंफलेले पट्टे, लाकडावर कोरल्यासारखे किंवा विणलेल्या कापडातून उचलल्यासारखे. रंगही मातकट : तपकिरी, हिरवा, करडेपणाकडे झुकणारा निळा. बाह्यरेषा छापायची आणि मधले रंग हाताने भरायचे, अशी मधली वाट कारखान्याने काढली. छापामुळे किंमत आटोक्यात आणि ब्रशमुळे हाताचा थोडा थरथराट शिल्लक. या नक्षीशी पॅरिसचं दालन बांधणाऱ्या एलिएल सारिनेनचं नाव जोडलं जातं. तळाला मात्र छाप अराबियाचा आणि फेनियाचा.

आता या मालिकेच्या फिनिशपणाची जमाखर्च वही उघडून बघा. १९०२ साली कारखाना अजून स्वीडिश मालकीचाच होता. कारखान्याचा पहिला कलाकार थुरे ओबेर्ग स्वीडनहून आलेला. पांढरी माती बाहेरची, छापायची कला इंग्लंडची. आणि तिच्याआधी ज्या भांड्यांनी ‘फिनलंडची आधुनिक कला’ म्हणून नाव कमावलं, ती करणारा बेल्जियममध्ये जन्मलेला ब्रिटिश वंशाचा माणूस, त्याला बोलावणारा स्वीडिश सरदार. शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल, यात फिनिश काय उरलं?

मला वाटतं, हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. वस्तूचा मुलूख तिच्या कच्च्या मालावर ठरत नाही. ती कुणाच्या गरजेतून घडली आणि कुणी ती आपली म्हणून वापरली, यावर ठरतो. १८९९ च्या अपमानानंतर फिनलंडच्या लोकांना स्वतःकडे बघायला एक आरसा हवा होता. तो कुणाच्या हातून आला यापेक्षा त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, हे जास्त महत्त्वाचं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर ते आपल्या वर्गात शिकवलं जातं. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. कथा बायबलची, लिपी रोमन, लेखक इंग्लंडचा. पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. ते पुराण गोव्याच्या चर्चमध्ये म्हटलं जात होतं, म्हणणाऱ्यांना ते परकं वाटलं नाही. मराठी साहित्याच्या इतिहासातून ते वगळायचं आज कुणाच्या मनातही येणार नाही. फिंचचा जग आणि स्टीफन्सची ओवी यांत तीनशे वर्षांचं आणि अर्ध्या पृथ्वीचं अंतर आहे, पण दोघांनी केलेली गोष्ट एकच : दुसऱ्याच्या घरात जाऊन, त्या घरातल्या साध्या मातीला कमी न लेखता, तिच्यात काम करणं.

पुढे काय झालं

इरिस बंद झाल्यावर फिंच परत गेला नाही. हेलसिंकीच्या कलाउद्योग शाळेत तो १९०२ पासून भांडीकाम शिकवू लागला आणि १९३० मध्ये मरेपर्यंत शिकवत राहिला. त्याची विद्यार्थिनी एल्सा एलेनियस पुढे तिथेच शिक्षिका झाली. दुसरी विद्यार्थिनी तोइनी मुओना १९३१ पासून अराबियात काम करू लागली आणि तिथल्या मोठ्या कलाकारांत गणली गेली. म्हणजे कारखाना म्हणून इरिस पाच वर्षांत संपला, पण शाळा म्हणून तो अराबियाच्या आत जाऊन पोचला. हरलेल्याने जिंकलेल्याला शिकवलं, असं म्हणायला हरकत नाही.

अराबिया १९१६ साली फिनिश उद्योजकांच्या हाती आला. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १९१७ रोजी, फिनलंड स्वतंत्र झाला. रशियाची बाजारपेठ तुटली, कारखाना घरच्या गिऱ्हाइकाकडे वळला. १९२९ साली बोगद्यासारखी लांब भट्टी आली. आधीच्या गोल भट्ट्या भरायच्या, पेटवायच्या, गार होऊ द्यायच्या आणि मग रिकाम्या करायच्या. या नव्या भट्टीत भांडी गाड्यांवरून एका टोकाने आत जात आणि भाजून दुसऱ्या टोकाने बाहेर येत, आग न विझवता. १९३० च्या दशकात अराबिया युरोपातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. आणि १९५३ साली काय फ्रांक याने ‘किल्ता’ नावाचा संच आणला, तोही मातीचाच, पण नक्षी अजिबात नसलेला, नुसता रंग आणि आकार. देशाला आता बशीवर स्वतःचं नाव लिहून दाखवायची गरज उरली नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावते.

हेलसिंकीचा कारखाना २०१६ साली बंद झाला. अराबियाची भांडी आता थायलंड आणि रोमानियात तयार होतात. फिनलंडमध्ये अनेकांना त्याचं वाईट वाटलं, आणि ते साहजिक आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कामाला गेलेल्या माणसांचा रोजगार संपला, त्यांच्या बोटांतली कला संपली. वस्तू कशापासून बनली हे गौण असेल, पण ती कुणाच्या हातून बनली हे गौण नाही. इंग्लंडच्या मातीची बशी फिनिश झाली, कारण हेलसिंकीतल्या एका बाईने तिच्यावर कागद चोळला, तिच्या कडेने एका दमात रेघ ओढली आणि तळाला आपलं आद्याक्षर ठेवलं. म्हणून कुठल्याही जुन्या बाजारात जुनी बशी हाती आली तर आधी ती उलटी करून बघावी. कारखान्याचं नाव ठळक असतं, ते वाचायला कुणीही वाचतं. त्याच्या शेजारी ब्रशने केलेली बारीक खूण असेल, तर ती शोधायला थोडा वेळ द्यावा.